राजाचा दरबार आणि शाळेची प्रार्थना : कँडीच्या ट्रिनिटी कॉलेजच्या चॅपेलचा प्रकरण अभ्यास

श्रीलंकेच्या मध्यभागातील डोंगरांत, समुद्रसपाटीपासून सुमारे ५०० मीटर उंचीवर वसलेले कँडी हे शहर सिंहली राजांची शेवटची राजधानी होते. बुद्धाच्या दंतधातूचे मंदिर, म्हणजे दळदा मालिगावा, याच शहरात असल्यामुळे जगभरच्या बौद्धांच्या मनात त्याचे स्थान वेगळे आहे. अशा या शहरात चर्च मिशनरी सोसायटी या अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या परंपरेतील, संस्थेने चालवलेली मुलांची एक शाळा आहे. १८७२ पासून ती ट्रिनिटी कॉलेज या नावाने ओळखली जाते. आपल्याकडच्या अर्थाने ती महाविद्यालय नसून शाळाच आहे. विसाव्या शतकाच्या पहिल्या चतुर्थकात या शाळेने स्वतःचे चॅपेल, म्हणजे शाळेपुरते प्रार्थनागृह, बांधायचे ठरवले, तेव्हा तिच्यापुढे जो प्रश्न उभा राहिला आणि त्याचे जे उत्तर तिने दगडात व कौलांत दिले, तोच या लेखाचा विषय आहे.

प्रश्न वरवर पाहता साधा होता. ब्रिटिश साम्राज्यातल्या कोणत्याही मिशनरी शाळेचे चॅपेल कसे असावे याचा नमुना तयारच होता : टोकदार कमानी, उंच मनोरा, रंगीत काचांच्या खिडक्या, म्हणजे इंग्लंडातल्या गावातले गॉथिक पद्धतीचे चर्च उचलून उष्ण कटिबंधात आणून ठेवायचे. कँडीमध्ये असे एक उदाहरण डोळ्यांसमोर होते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला बांधलेले सेंट पॉल्स चर्च हे लाल विटांचे गॉथिक चर्च दळदा मालिगावाच्या अगदी शेजारी, जुन्या राजवाड्याच्या परिसराला लागून उभे आहे. त्या जागेवरून जाणाऱ्या सिंहली माणसाला ते काय सांगत असेल हे समजायला वास्तुशास्त्राचे शिक्षण लागत नाही. राज्य कोणाचे आणि धर्म कोणाचा, दोन्ही त्या विटांत वाचता येत होते.

ट्रिनिटीने हा नमुना बाजूला ठेवला. शाळेचे उपप्राचार्य आणि धर्मोपदेशक असलेल्या रेव्हरंड एल. जे. गॅस्टर यांनी चॅपेलचा आराखडा सिंहली पद्धतीने केला. कोरीव दगडी खांब, बाजूंनी उघडा मंडप आणि त्यावर कँडी पद्धतीचे उतरते कौलारू छप्पर असे त्याचे रूप ठरले. बांधकाम १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला हाती घेतले गेले आणि चॅपेलचा समर्पणविधी १९३५ साली झाला. दरम्यान दशकाहून अधिक काळ गेला. ज्यांच्या आग्रहातून ही कल्पना वाढली ते प्राचार्य तोपर्यंत देश सोडून गेले होते.

प्राचार्यांचा विचार

ते प्राचार्य म्हणजे अलेक्झांडर गार्डन फ्रेझर. स्कॉटलंडमध्ये जन्मलेले आणि कँडीला येण्याआधी युगांडात मिशनरी म्हणून काम केलेले फ्रेझर १९०४ ते १९२४ अशी वीस वर्षे ट्रिनिटीचे प्राचार्य होते. मराठी वाचकाला त्यांच्या घराण्याचा एक धागा जवळचा वाटेल : त्यांचे वडील सर अँड्र्यू फ्रेझर हे नागपूर ही राजधानी असलेल्या मध्य प्रांताचे चीफ कमिशनर होते आणि पुढे बंगालचे लेफ्टनंट गव्हर्नर झाले. सत्ताधारी घरातला हा मुलगा कँडीला आल्यावर त्याला सर्वांत जास्त काय खटकले असेल, तर शाळेत शिकून बाहेर पडणाऱ्या मुलांना स्वतःची भाषा नीट येत नाही ही गोष्ट. सिलोनच्या, म्हणजे आजच्या श्रीलंकेच्या, वरच्या वर्गात तेव्हा इंग्रजी हीच शिक्षणाची आणि प्रतिष्ठेची भाषा होती, आणि सिंहली किंवा तमिळ वर्गात शिकवणे हे अनेक पालकांनाही कमीपणाचे वाटत होते. फ्रेझर यांनी या भाषांना अभ्यासक्रमात जागा दिली. आपल्या लोकांची भाषा आणि विचार यांपासून तुटलेला माणूस त्यांचा पुढारी होऊ शकत नाही, अशी त्यांची भूमिका होती आणि ती त्यांनी लेखी मांडली.

चॅपेलचा निर्णय या भूमिकेतूनच आला आहे, म्हणून तो सुटा पाहून चालत नाही. वर्गात सिंहली आणि तमिळ आणल्यावर प्रार्थनेची जागा मात्र इंग्लिश गावाची नक्कल राहिली असती, तर मुलांना शाळेने दिलेला खरा संदेश असा झाला असता की तुमची भाषा बाजारापुरती आणि वर्गापुरती ठीक आहे, देवासमोर मात्र आमचेच रूप लागते. मुले असा संदेश फार लवकर ओळखतात. फ्रेझर आणि गॅस्टर यांना हे उमगले होते, असे मला या इमारतीकडे पाहून वाटते.

काळही या विचाराला अनुकूल होता आणि त्याच वेळी अडचणीचाही होता. बौद्ध भिक्खू आणि ख्रिस्ती उपदेशक यांच्यात १८७३ मध्ये पानदुऱ्याला झालेल्या जाहीर वादसभेनंतर आणि १८८० मध्ये थिऑसॉफिकल सोसायटीचे अमेरिकन संस्थापक कर्नल ऑल्कट लंकेत आल्यानंतर बौद्ध पुनरुज्जीवनाची चळवळ जोर धरत गेली होती. कोलंबोत १८८६ मध्ये आनंद कॉलेज आणि कँडीत १८८७ मध्ये धर्मराज कॉलेज अशा बौद्ध शाळा मिशनरी शाळांना उत्तर म्हणून उभ्या राहिल्या होत्या. दुसरीकडे कलेचे अभ्यासक आनंद कुमारस्वामी यांनी १९०५ मध्ये सिलोन सोशल रिफॉर्म सोसायटी काढून युरोपियनांचे अंधानुकरण थांबवा असे सांगायला सुरुवात केली होती, आणि १९०८ मध्ये मध्ययुगीन सिंहली कलेवरचा त्यांचा मोठा ग्रंथ प्रसिद्ध झाला होता. कँडीच्या कारागिरांची परंपरा मरणपंथाला लागली आहे, हे त्यांनी तपशिलाने दाखवले. राजा होता तोवर या कारागिरांना राजसेवेच्या बदल्यात जमिनी मिळत. राज्य गेले, १८३२ मध्ये राजकारिय ही सक्तीच्या सेवेची पद्धत रद्द झाली, आणि कोरीव काम करवून घेणारा मोठा यजमान उरला नाही. अशा परिस्थितीत एखाद्या शाळेने चोपन्न कोरीव दगडी खांबांची इमारत काढणे याचा अर्थ, पाथरवटांच्या हातांना वर्षानुवर्षे पुरेल असे काम काढणे असाही होता. टाकी आणि छिन्नीची विद्या हातात राहिली तरच टिकते. ती वस्तुसंग्रहालयात टिकत नाही.

नमुना कोणता निवडला

माझ्या मते या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा निर्णय सिंहली शैली स्वीकारण्याचा नव्हता. सिंहली वास्तूंपैकी कोणती वास्तू समोर ठेवायची, हा होता. बौद्ध विहाराचे रूप घेतले असते तर दोन्ही बाजूंनी आक्षेप आला असता. बौद्धांना ती आपल्या पूजास्थानाची उचलेगिरी वाटली असती, आणि ख्रिस्ती मंडळींना मूर्तिपूजेच्या घरात शिरल्यासारखे वाटले असते. विहाराची रचनाही ख्रिस्ती उपासनेला सोयीची नव्हती. प्रतिमागृहात माणूस एकटा किंवा लहान समूहाने जातो, फुले वाहतो, नमस्कार करतो आणि बाहेर पडतो. स्तूपाभोवती प्रदक्षिणा घालतात. ख्रिस्ती सामुदायिक प्रार्थनेला मात्र शेकडो माणसांनी एका दिशेला तोंड करून एकत्र बसणे, ऐकणे आणि गाणे आवश्यक असते.

गॅस्टर यांनी ज्या वास्तूंपासून धडा घेतला त्यांपैकी मुख्य होती कँडीच्या राजवाड्याच्या परिसरातील मगुल मडुवा, म्हणजे राजाचा दरबार भरण्याची जागा. दुसरी होती कँडीजवळची एंबेक्के देवालय ही चौदाव्या शतकातील वास्तू. तिच्यातही गाभारा मनात भरत नाही. मनात भरतो तो पुढचा हेविसी मंडपय, म्हणजे वादकांचा मंडप, जिथे ढोल वाजतात आणि लोक जमतात. तेथील लाकडी खांबांवरचे कोरीव काम लंकेत सर्वांत नावाजलेले मानले जाते. त्याच्या छपराच्या एका टोकाला २६ वासे एकाच लाकडी खिळीत, मडोल कुरुपाव नावाच्या जोडात, येऊन मिळतात, आणि ते पाहताना सुताराच्या बुद्धीला हात जोडावेसे वाटतात. म्हणजे दोन्ही नमुने सभेचे आहेत. दैवत जिथे बसते ती जागा सोडून माणसे जिथे जमतात ती जागा गॅस्टर यांनी उचलली.

ख्रिस्ती इतिहासात हे पहिल्यांदा घडत नव्हते. चौथ्या शतकात रोमन साम्राज्यात ख्रिस्ती धर्माला मोकळीक मिळाली आणि मोठ्या प्रार्थनास्थळांची गरज पडली, तेव्हा तेव्हाच्या ख्रिस्ती लोकांनी रोमन देवळांचा आकार घेतला नाही. त्यांनी बॅसिलिका घेतली. बॅसिलिका म्हणजे न्यायनिवाड्याचा, व्यवहाराचा आणि राजदरबाराचा लांबट सभामंडप : दोन्ही बाजूंना खांबांच्या रांगा, एका टोकाला अधिकाऱ्याचे किंवा सम्राटाचे आसन. आसनाच्या जागी वेदी आली आणि तोच चर्चचा मूळ आराखडा ठरला. ज्याला आपण युरोपीय चर्चचे अस्सल रूप समजतो तेही मुळात एका बिगरधार्मिक दरबाराचे रूपांतर आहे. कँडीत गॅस्टर यांनी केले ते त्याच जातीचे काम होते, केवळ राजा दुसरा होता. त्यामुळे ट्रिनिटीच्या चॅपेलमध्ये मिश्रणाचा ओढूनताणून जुळवलेला भास कुठेही होत नाही. मगुल मडुव्यात जिथे राजाचे आसन असे त्या टोकाकडे नजर आपोआप जाते आणि तिथेच वेदी असणे स्वाभाविक वाटते.

महाराष्ट्रातल्या वाचकाला इथे रेव्हरंड नारायण वामन टिळकांची आठवण होईल. त्यांनी १९१७ मध्ये, मृत्यूच्या दोन वर्षे आधी, ‘देवाचा दरबार’ या नावाने एक भक्तिसमुदाय उभारला आणि ख्रिस्ती भक्तीला अभंग, भजन आणि कीर्तन यांच्या वाटेने नेले. टिळकांचा दरबार शब्दांचा आणि माणसांचा होता, कँडीचा दगडांचा आहे. दोघांचा एकमेकांशी संबंध नव्हता. परंतु देशी ख्रिस्ती मन परकीय चर्चच्या चौकटीतून बाहेर पडताना दोन्ही ठिकाणी दरबाराकडेच वळले, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

दरबाराच्या इमारतीला चिकटलेला इतिहास

मगुल मडुवा ही निष्पाप वास्तू नाही, आणि हे टाळून प्रकरण पूर्ण होत नाही. राजाधिराजसिंह या राजाने १७८३ मध्ये तिचे काम सुरू केले. हा राजा नायक्कर घराण्यातला होता. या घराण्याची मुळे दक्षिण भारतात, मदुरेकडे होती आणि कँडीच्या गादीवर ते विवाहसंबंधांतून आले होते. आज ज्या शैलीला आपण निखळ सिंहली म्हणतो तिचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण अशा राजाच्या काळात उभे राहिले, हे सांस्कृतिक शुद्धतेची भाषा बोलणाऱ्यांनी विसरू नये. २ मार्च १८१५ रोजी याच मंडपात कँडीच्या सरदारांनी ब्रिटिशांशी करार केला, शेवटच्या राजाला पदच्युत घोषित केले आणि राज्य ब्रिटिश मुकुटाकडे सोपवले. त्या कराराच्या पाचव्या कलमात बौद्ध धर्म, त्याचे विधी, भिक्खू आणि पूजास्थाने यांचे रक्षण करण्याचे वचन होते. पुढे मिशनऱ्यांच्या दबावाने ब्रिटिश सरकारने बौद्ध धर्माशी असलेले अधिकृत संबंध हळूहळू तोडले, आणि ही कँडीच्या लोकांना फसवणूक वाटली.

आता हे चित्र एकत्र पाहा. ज्या मंडपात बौद्ध धर्माच्या रक्षणाचे वचन दिले गेले, ज्यांच्या आग्रहामुळे ते वचन सैल पडले त्या मिशनरी परंपरेतील एका शाळेने शंभर वर्षांनी त्याच मंडपाचे रूप आपल्या चॅपेलला दिले. याचा एक अर्थ आदर असा होतो आणि दुसरा अर्थ ताबा असा होतो. मला पहिला अर्थ अधिक खरा वाटतो, कारण फ्रेझर यांचे बाकीचे काम त्याच दिशेचे होते आणि कारण बांधणाऱ्यांनी स्वस्त व झटपट मार्ग सोडून महाग व संथ मार्ग धरला. तरीही एखाद्या बौद्ध माणसाने दुसरा अर्थ काढला, तर तो चुकीचा आहे असे म्हणण्याचा अधिकार मला वाटत नाही. शिवाय निवड ज्यांनी केली ते दोघे इंग्रजी भाषक पाद्री होते. शाळेत सिंहली मुलांबरोबर तमिळ, बर्गर (म्हणजे युरोपीय वंशाच्या स्थानिक घराण्यांतली) आणि मुस्लिम मुलेही शिकत होती. कँडीच्या दरबाराचे रूप त्यांतील प्रत्येकाला सारखेच आपले वाटले असेल असे गृहीत धरता येत नाही.

रचना प्रत्यक्षात कशी काम करते

कँडी पद्धतीच्या छपराची ओळख म्हणजे त्याचा दुहेरी उतार. वरचा भाग तीव्र उताराचा असतो, आणि खाली येताना एका ठरावीक रेषेवर उतार मोडून सौम्य होतो व लांबवर बाहेर झुकतो. वरचा तीव्र उतार मधल्या रुंद जागेवर असतो, खालचा सौम्य उतार बाहेरच्या खांबांच्या रांगेवर. कँडीत दोन्ही मोसमी वाऱ्यांचा पाऊस पडतो. तीव्र उतारावरून पाणी झटकन निघून जाते, आणि बाहेर आलेली वळचण पागोळ्या खांबांपासून दूर टाकते. कोकणातल्या घरांच्या पाख्यांची ज्याला सवय आहे त्याला हे तर्कशास्त्र लगेच कळेल.

चर्चच्या दृष्टीने या छपराचा एक मोठा फायदा गॅस्टर यांच्या ध्यानात आला असला पाहिजे. मधला उंच भाग आणि दोन्ही बाजूंचे कमी उंचीचे भाग अशी विभागणी, जी युरोपीय चर्चमध्ये भिंती, कमानी आणि वेगवेगळ्या पातळीवरची छपरे बांधून साधावी लागते, ती कँडीच्या छपरात खांबांच्या दोन रांगांनी आपोआप होते. ख्रिस्ती उपासनेला हवी असलेली जागा त्या छपरात आधीपासून दडलेली होती. त्यामुळे सिंहली घराला ख्रिस्ती मुखवटा चढवावा लागला नाही.

मगुल मडुवा आणि एंबेक्के यांचे खांब लाकडी आहेत. चॅपेलचे चोपन्न खांब दगडी आहेत. लाकडी खांबाची रचना अशी की तळाशी चौकोन, मधे अष्टकोनी कांड, पुन्हा चौकोनी ठोकळ्यांवर कोरीव पट, आणि वर पेकडा, म्हणजे चारी बाजूंनी बाहेर आलेला, खाली झुकलेल्या कमळाच्या आकाराचा आधार, ज्यावर तुळई टेकते. आपल्या वाड्यांतील सुरूच्या खांबांशी आणि त्यांवरच्या केळफुलांशी त्याचे लांबचे नाते जाणवते. लाकडासाठी जन्मलेले हे रूप दगडात आणणे सोपे नसते. लाकडात तंतूच्या दिशेने सहज निघणारी नक्षी दगडात कण कण झिजवून काढावी लागते आणि एक चुकीचा घाव सबंध खांब वाया घालवू शकतो. पण लंकेला दगडी खांबांची सवय नवी नव्हती. अनुराधपूर आणि पोळोन्नरुवा येथील उद्ध्वस्त वास्तूंत लाकडी छपरे केव्हाच नाहीशी झाली आहेत आणि दगडी खांबांची रानेच्या राने उभी आहेत. कँडीचे लाकडी रूप आणि त्याहून जुन्या राजधान्यांचा दगड या दोन्हींचा मेळ चॅपेलमध्ये बसला, आणि त्यामुळे ते कँडीच्या दरबाराची प्रतिकृती न राहता सिंहली बांधकामाच्या दीर्घ इतिहासातली एक नवी वास्तू झाले.

उघड्या बाजूंचा परिणाम प्रार्थनेच्या स्वरूपावर होतो. रंगीत काचांना इथे जागाच नाही, कारण खिडकी बसवायला भिंत नाही. प्रकाश वरून गाळून येत नाही. तो बाजूंनी, झाडांवरून परतून, हिरवट होऊन आडवा आत शिरतो. गॉथिक चर्चमध्ये माणूस आत गेला की बाहेरचे जग बंद होते. इथे बसलेल्या मुलाला डोंगर, पाऊस आणि शाळेचे आवार सतत दिसत राहते. अशा खुल्या जागेत समूहगान घुमत नाही, ते बाहेर वाहून जाते, आणि जोराच्या पावसात कौलांवरचा आवाज प्रवचनावर मात करतो. हे तोटे खरे आहेत. परंतु देवाची स्तुती सृष्टीपासून तोडून करायची नसते हे एखाद्या प्रवचनाहून अशी इमारत अधिक चांगले सांगते.

डेव्हिड पेंटर यांची भित्तिचित्रे

इमारत कितीही देशी असली तरी आतल्या वेदीमागे निळ्या डोळ्यांचा, सोनेरी केसांचा ख्रिस्त लावला असता तर सगळी मेहनत वाया गेली असती. इथे या प्रकरणात एक लंकेचा माणूस प्रवेश करतो, आणि माझ्या दृष्टीने चॅपेल खऱ्या अर्थाने लंकेचे होते ते त्याच्यामुळे.

डेव्हिड पेंटर यांचा जन्म १९०० मध्ये भारतात, अल्मोड्याला झाला. वडील इंग्रज मिशनरी, आई सिंहली. त्यांचे काही शिक्षण उटकमंडला आणि काही ट्रिनिटीतच झाले. पुढे लंडनच्या रॉयल अकॅडमीत चित्रकला शिकून ते सिलोनला परतले, आणि १९२८ ते १९३३ या काळात त्यांनी आपल्या जुन्या शाळेच्या चॅपेलसाठी चार भित्तिचित्रे काढली. पहिले १९२८ चे चित्र मत्तयाच्या शुभवर्तमानातील प्रसंगावर आहे : जब्दीच्या मुलांची आई आपल्या दोन मुलांसाठी येशूच्या राज्यात मानाच्या जागा मागते, आणि येशू विचारतो, मी पिणार आहे तो प्याला तुमच्याने पिववेल काय? शाळेतल्या मुलांसमोर हा प्रसंग ठेवण्यात मोठी समज आहे, कारण मुलांना आणि त्यांच्या आयांना मानाच्या जागा हव्या असणे ही शाळेची रोजची गोष्ट आहे. दुसऱ्या दोन चित्रांत चांगला शोमरोनी, म्हणजे वाटेत जखमी पडलेल्या परक्याची शुश्रूषा करणारा येशूच्या दृष्टांतातला माणूस, आणि शिष्यांचे पाय धुणारा येशू आहे. म्हणजे तीनही चित्रे सेवेबद्दल आहेत. राजदरबाराच्या रूपातल्या मंडपात, जिथे सिंहासनाची आठवण दगडादगडात आहे, तिथे पाय धुणारा राजा रंगवणे हा योगायोग असला तरी तो फार अर्थपूर्ण आहे.

चौथे चित्र वधस्तंभाचे, १९३३ चे. या ख्रिस्ताला दाढी नाही. पार्श्वभूमीला यरुशलेमचा डोंगर नाही, तर उष्ण प्रदेशातल्या खाडीकाठी दिसते तशी तिवरांची दलदल आहे. चेहरे, वर्ण आणि अंगकाठी लंकेतल्या माणसांची आहे. अशा ख्रिस्ताकडे पाहून काही ख्रिस्ती मंडळी अस्वस्थ झाली हे समजण्यासारखे आहे. पिढ्यानपिढ्या छापील चित्रांतून ज्या चेहऱ्याला ते नमस्कार करत आले होते तो चेहरा इथे नव्हता. पण इटालियन चित्रकारांनी ख्रिस्ताला इटालियन केले तेव्हा कोणी तक्रार केली नव्हती. पेंटर यांनी शिकून आणलेले तंत्र युरोपीय होते आणि त्यांनी ते लपवले नाही. ते तंत्र त्यांनी आपल्या मातीतली माणसे उभी करण्यासाठी वापरले. आई सिंहली आणि वडील इंग्रज असलेल्या चित्रकाराच्या हातून हे व्हावे यात एक न्याय आहे.

त्याच पिढीत आपल्याकडे अँजेलो द फोन्सेका हे गोव्याचे चित्रकार, जन्म १९०२, शांतिनिकेतनात शिकून आले आणि साडीतली मरिया व भारतीय चेहऱ्याचा ख्रिस्त रंगवू लागले. गोव्यात त्यांच्या चित्रांना विरोध झाला आणि त्यांनी पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात आयुष्यातली पुष्कळ वर्षे काढली. फोन्सेका यांना आश्रम मिळाला, पण एवढी मोठी, रोज वापरातली भिंत त्यांना सहजी मिळाली नाही. पेंटर यांना शाळेने भिंत दिली, आणि तीसुद्धा वेदीमागची. एखाद्या संस्थेचा विश्वास किती महत्त्वाचा असतो ते या फरकातून कळते.

चॅपेलच्या बरोबरीने उपासनेची भाषा आणि सूर यांतही बदल होत होते. सिलोनच्या अँग्लिकन चर्चने १९३० च्या दशकात इंग्लंडच्या प्रार्थनापुस्तकाहून वेगळा स्वतःचा उपासनाविधी तयार केला. हर्बर्ट पेरिस या नावाने वाढलेले आणि पुढे देवार सूर्यसेन हे नाव धारण केलेले गायक यांनी सिंहली उपासनेला लोकसंगीताच्या चाली दिल्या. इमारत, चित्र आणि गाणे या तिन्हींची दिशा एकच होती. मात्र चाल बदलायला एक पिढी पुरते आणि नको झाली तर ती सोडून देता येते. चोपन्न दगडी खांब सोडून देता येत नाहीत. म्हणून चॅपेलचा निर्णय या तिघांत सर्वांत धाडसाचा होता, असे मी म्हणेन.

नंतरचे पडसाद

फ्रेझर १९२४ मध्ये कँडी सोडून आफ्रिकेत, तेव्हाच्या गोल्ड कोस्टमधील (आजच्या घानातील) अचिमोटा येथील नव्या शाळेचे प्रमुख म्हणून गेले. तिथेही आफ्रिकन मुलांच्या शिक्षणाची मुळे त्यांच्या मातीत हवीत हाच प्रश्न त्यांच्यापुढे होता. कँडीतले बांधकाम त्यांच्यानंतर आलेले प्राचार्य जॉन मॅक्लाउड कॅम्पबेल यांच्या काळात चालू राहिले आणि पुरे झाले. एका प्राचार्याची आवड असती तर तो गेल्यावर आराखडा कापून स्वस्तात उरकता आला असता. तसे झाले नाही, यावरून ही कल्पना तोपर्यंत शाळेची झाली होती असे म्हणता येते.

पेंटर यांनी पुढे कोलंबोजवळच्या माउंट लॅव्हिनिया येथील सेंट थॉमस कॉलेजच्या चॅपेलमध्ये येशूच्या रूपांतराचे, म्हणजे शिष्यांसमोर त्याचे रूप तेजस्वी झाल्याच्या प्रसंगाचे, प्रचंड भित्तिचित्र काढले, ते १९६८ मध्ये पूर्ण झाले. त्यातही ख्रिस्त दाढीविना आहे. वास्तुशैलीचा प्रवास मात्र चर्चच्या बाहेर अधिक झाला. १९४८ मध्ये सिलोन स्वतंत्र झाले आणि नव्या राष्ट्राला आपले असे रूप हवे होते, तेव्हा पेरादेणियाच्या विद्यापीठाच्या इमारतींवर कँडीची छपरे आली आणि कोलंबोचे स्वातंत्र्य स्मारक सभागृह थेट मगुल मडुव्याच्या नमुन्यावर काँक्रीटमध्ये उभारले गेले. ज्या दरबारात राज्य गेले, त्याच दरबाराचे रूप राज्य परत आल्याची खूण म्हणून वापरले गेले. ट्रिनिटीचे चॅपेल त्या सभागृहाच्या काही वर्षे आधीचे आहे. स्वातंत्र्याचे स्मारक समारंभांपुरते भरते. कँडीतल्या दगडी मंडपात मात्र शाळा भरते तेव्हा मुले येऊन बसतात, आणि त्यांच्यासमोर वेदीमागे तिवरांच्या दलदलीतला तो दाढी नसलेला ख्रिस्त असतो.